क्लोरीननं फ्लोरीन हटत नाही

आमच्या वस्तीत एखादी बाई तोंड उघडून मोठ्यानं हसली, की ओळखायचं, ही सून आहे आणि नुकतीच आलेली आहे. वस्तीत जन्मलेली माणसं हसताना तोंडावर पदर, रुमाल, नाहीतर हाताचा तळवा घेत. बाहेरच्यांना वाटे, किती मर्यादशील लोक आहेत. मर्यादा वगैरे काही नव्हतं, आमचे दात तसे होते. आधी खडूसारखे पांढरे डाग, मग पिवळे पट्टे, आणि पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत पुढच्या चार दातांवर चॉकलेटी रंगाची आडवी रेघ. माझ्याही दातांवर ती होती, अजून आहे.

फुलसावंगीहून आत अर्धा तास चाललं की आमचं गाव. गावाच्या टोकाला आमची बौद्धांची वस्ती आणि वस्तीच्या मधोमध सरकारी हातपंप. माझ्या जन्माच्या आधी तो बसवला, तेव्हा साहेबांनी सांगितलं होतं, की विहिरीचं पाणी घाण असतं, त्यानं हगवण लागते. हे पाणी जमिनीच्या पोटातून येतं, ते शुद्ध. पाणी खरंच काचेसारखं होतं. पंपाला हार घातला होता, असं माय सांगे. वस्तीसाठी सरकारनं आपणहून काही आणून उभं केल्याची ती पहिलीच वेळ. लोकांनी ते पाणी श्रद्धेनं प्यायलं.

मी शाळेत असताना कापसाची ती वर्षं सुरू झाली. भाव पडले, बोंडअळी पडली, आणि आमचा जिल्हा रोज पेपरात यायला लागला. मग जीपा यायला लागल्या. कधी पुढारी, कधी पाहणी पथक, कधी शहरातले शिकलेले तरुण. सगळे कापसाबद्दल विचारत. आमच्याकडे स्वतःचा कापूस नव्हता. माय दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाई आणि बाबा ढाणकीला जिनिंगमध्ये कामाला होते. पण पाहुण्यांना वावर कोणाचं याच्याशी कर्तव्य नसे. एकदा एका फोटोग्राफरनं वस्तीतल्या बाया पंपाजवळ रांगेत उभ्या केल्या आणि म्हणाला, "हसू नका हं कोणी. गंभीर चेहरा ठेवा."

माय मला हळूच म्हणाली, "या बाबूले काय मालूम, आपन तसंबी हासत नाही."

फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, की कापसानं या गावाचं हसूच हिरावून नेलं. ज्या पंपानं ते नेलं होतं त्याची मूठ मायच्या खांद्यामागं स्पष्ट दिसत होती.

दहावीनंतर मी उमरखेडच्या कॉलेजात सायन्सला गेले. वस्तीतली सायन्स घेणारी पहिलीच. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. केमिस्ट्रीचे सर चांगले शिकवत, पण त्यांच्या डाव्या गालात कायम खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, असे. त्यामुळं ते बोलताना मान थोडी वर करून बोलत. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी हजेरी घेतली, मी "प्रेझेंट सर" म्हणाले, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"एवढीशी पोरगी, आन् खर्रा खातेस? जा, तोंड धुऊन ये. माझ्या लॅबमध्ये हे चालनार नाही."

एवढं सांगून ते खिडकीशी गेले, बाहेर पिंक टाकली आणि परत आले.

मी नळावर जाऊन तोंड धुतलं. परत आले. सरांनी पुन्हा बघितलं आणि पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा मी नळ सोडून तशीच उभी राहिले. रडू येत होतं, पण त्याहून जास्त एक विचित्र राग येत होता. खर्रा खाल्ला असता तर निदान त्याची मजा तरी मिळाली असती. तिसऱ्यांदा आत गेले तेव्हा सर दुसऱ्या कामात होते. त्या दिवसापासून मी त्या वर्गात दोन वर्षं तोंड मिटून बसायचं ठरवलं. 'प्रेझेंट सर'सुद्धा ओठ न उघडता म्हणता येतं, थोडा सराव लागतो.

बारावीला हॅलोजनचा धडा आला. सर त्या दिवशी फार खुशीत होते. प्रयोग दाखवायचा म्हणजे त्यांना सणासारखं वाटे. आमच्या लॅबमध्ये विषारी वायूसाठी वेगळं कपाट नव्हतं, म्हणून सर खिडकीच्या कट्ट्यावर काम करत आणि वाऱ्याची दिशा बघायला एका पोराला बाहेर उभं करत. त्यांनी ब्लिचिंग पावडरवर ॲसिड टाकून हिरवट पिवळा क्लोरीन काढला आणि पाण्यात विरघळवला. आयोडीनचे जांभळट काळे खडे दाखवले. ब्रोमीनची एकच बंद कुपी होती, आत लालसर तपकिरी पाणी हलत होतं. ती फोडायची नव्हती. ती इन्स्पेक्शनसाठी होती. चार वर्षं झाली ती तशीच बंद होती आणि दर इन्स्पेक्शनला शेरा मिळे, की ब्रोमीन उपलब्ध आहे.

मग त्यांनी ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीनचं पाणी टाकलं. नळी नारिंगी झाली. आयोडाइडमध्ये टाकलं, ती तपकिरी झाली. स्टार्चचा थेंब पडताच निळीकाळी. मग उलट केलं, ब्रोमाइडमध्ये आयोडीन टाकलं. आम्ही वाट पाहिली. काही झालं नाही.

"काही झालं नाही, हाच निकाल," सर म्हणाले. "वरचा खालच्याले बाहेर काढते. खालच्यानं कितीबी जोर लावला, तरी वरचा हालत नाही. जसजसं खाली जावं तसतशी ताकद कमी. आन् सगळ्यात वर कोन? फ्लोरीन. सगळ्यात लहान, आन् इलेक्ट्रॉन ओढायची हाव सगळ्यात जास्त. त्याले यातलं कोनीबी काढू शकत नाही."

"सर, फ्लोरीन दाखवा ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"अरे, तो काचेची बाटलीबी खाते. या लॅबमध्ये काय, आख्ख्या उमरखेड तालुक्यात तुले फ्लोरीन दिसनार नाही."

मी पहिल्या बाकावर तोंड मिटून हे लिहून घेतलं.

परीक्षेच्या तयारीत अकरावीचं पुस्तक पुन्हा काढलं तेव्हा पर्यावरणाच्या धड्यात मला चार ओळी सापडल्या. पाण्यात फ्लोराइड जास्त झालं, तर दातांवर तपकिरी 'मॉटलिंग' होतं, आणि फारच जास्त झालं तर हाडंही बिघडतात. अकरावीत त्या ओळी मी पाठ केल्या होत्या, त्यावर दोन मार्कही मिळवले होते. पण मॉटलिंग म्हणजे काय ते विचारलं नव्हतं, कारण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. आता डिक्शनरी काढली. ठिपके-ठिपके, डाग-डाग होणे. मी घरातला आरसा उजेडात नेला. मग गुडघे धरून बसलेल्या शेजारच्या म्हाताऱ्यांकडं बघितलं, ज्यांना सगळे वात झाला म्हणत.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन सरांसमोर उभी राहिले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ओठ उघडून बोलले.

"सर, मी खर्रा खात नाही. हे पाहा."

सरांनी ओळी वाचल्या. मग माझ्या दातांकडं पाहिलं. मग खिडकीशी गेले, तोंड रिकामं केलं, चूळ भरली आणि परत आले. मला वाटतं, ती त्यांची माफी मागायची तयारी होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "वर्गात सांगतलं का फ्लोरीन तालुक्यात नाही. वायू नाही, हे खरं. पन त्याचं मीठ जमिनीतल्या दगडात असते, ते पान्यात उतरते. आन् दात बनत असते तवाच त्यात जाऊन बसते. पान्याची तपासनी कर, पोरी. आपल्या लॅबमध्ये ते होनार नाही."

पाणी तपासणीच्या कार्यालयात मी हातपंपाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. तिथल्या बाबूनं बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, पाणी तर चांगलं दिसून राह्यलं. मग म्हणाला, खाजगी माणसाचं पाणी घेत नाही, ग्रामपंचायतीमार्फत या. मी सांगितलं, पाणी खाजगी नाही, सरकारीच आहे. तो म्हणाला, पाणी सरकारी आहे, बाटली खाजगी आहे.

आमचे ग्रामसेवक वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडं तीन गावं होती आणि त्या वर्षांत कापसाच्या पॅकेजच्या याद्यांनी त्यांचा जीव घेतला होता. त्यांनी नमुना पाठवला. बऱ्याच दिवसांनी कागद आला. त्यात फ्लोराइडचा शब्दही नव्हता. पाण्यात क्लोरीन आढळत नाही, तरी टीसीएल पावडर टाकावी, असं लिहिलं होतं. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडरच, ग्रामपंचायतीत तिला तेच नाव.

ग्रामसेवक स्वतः डबा घेऊन आले. शिपायानं पंपाचं वरचं झाकण खोललं आणि पावडर कालवून आत ओतली. मी धावत गेले.

"साहेब, यानं काही होनार नाही. पान्यात फ्लोराइड हाय. क्लोरीननं फ्लोरीन हटत नाही."

"काहून हटत नाही?"

"क्लोरीन खाली हाय, फ्लोरीन वर हाय. खालचा वरच्याले हटवू शकत नाही."

ग्रामसेवकांनी डबा खाली ठेवला आणि माझ्याकडं फार समजूतदारपणे पाहिलं. "हे मले नको शिकवू, बाई. मी पंचायत समितीत सतरा वर्सं काढली. पन वरून लेखी आलं हाय का टीसीएल टाका. मंग मी काय करू?"

माझ्या पुस्तकातला नियम त्यांना माझ्याहून चांगला कळलेला होता.

आठ दिवस वस्तीतल्या चहाला दवाखान्याचा वास येत होता. बाया माझ्यावर चिडल्या. एक जण म्हणाली, "आधी निस्ते दात खराब होते, आता चहाबी गेला. आनखी शिक!"

सर मात्र मागे लागले. त्यांनी कॉलेजच्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात फ्लोराइड हा शब्द तीन वेळा लिहून खाली लाल रेघ ओढली. एका रविवारी ते स्वतः आमच्या वस्तीत आले, आपल्या हातानं बाटली भरली, मायच्या हातचा चहा प्यायले आणि गेले. त्या खेपेला कागद बरोबर आला. फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त, पाणी पिण्यास अयोग्य. कागदाच्या मागोमाग एक रंगारी आला आणि त्यानं पंप लाल रंगवला. लाल म्हणजे पिऊ नये. मग काय प्यावं, त्याचा रंग त्याच्याकडं नव्हता. दोन दिवस रंग ओला म्हणून बाया मूठ फडक्यानं धरून पाणी भरत होत्या. माय म्हणाली, "चांगला दिसते पन. दुरून दिसते."

त्याच उन्हाळ्यात दातांचं शिबिर झालं. कापसानं गांजलेल्या भागाला मदत करायची म्हणून शहरातली एक संस्था आली होती. आधी कुठल्या गावाला घोंगड्या दिल्या होत्या, कुठं वह्या. आमच्या वाट्याला दात आले. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, लेकरांच्या रांगा लावल्या आणि माईकवरून एक गृहस्थ सांगू लागले, की गरिबीपेक्षा मोठं संकट म्हणजे अस्वच्छता. या गावातली मुलं दात घासतच नाहीत हे तर दिसतंच आहे. तेव्हा दर घरी दोन टूथपेस्ट मोफत.

खरं तर आमच्याएवढे दात कोणी घासत नसेल. राखुंडीनं, कोळशानं, निंबाच्या काडीनं, एका पोरीनं तर विटेच्या तुकड्यानंही घासले होते. मी मायच्या हातातली ट्यूब घेऊन वाचली. मोठ्या अक्षरांत, अभिमानानं लिहिलं होतं, फ्लोराइडयुक्त.

मला हसू आलं. तोंडावर हात न घेता हसले, आणि माईकवाल्यांना विचारायला माझा हात वर गेला.

"सर, आमच्या गावात हे पंपातून फुकट येते. आम्ही लहानपनापासून घेतो. त्यानंच असे झाले दात."

माईकवाले गृहस्थ म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

पण टेबलाशी बसलेली डॉक्टर, नुकतीच शिकून निघालेली एक मुलगी, तिनं ट्यूब उचलली. मग समोरच्या लेकराचा ओठ वर करून पाहिला, त्याच्यामागच्याचा पाहिला, आणि तिसऱ्याचाही. मग ती उठून त्या गृहस्थांच्या कानात बोलली. त्यांचं उत्तर मात्र आम्हाला ऐकू आलं, कारण माईक चालू होता.

"मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण वाटप पूर्ण दाखवायचं आहे."

वाटप पूर्ण झालं. फोटोही निघाले. त्या पेस्टनं पितळेची भांडी इतकी लख्ख निघतात, की पुढं कितीतरी महिने वस्तीतले तांबे-गिलास चमकत होते.

मांडव सोडताना ती डॉक्टर आमच्या घरी पाणी प्यायला आली. गिलास तोंडाला लावला आणि मग तशीच थांबली. आम्हीही थांबलो. मग तिनं एक घोट घेतलाच, आणि गिलास खाली ठेवून मला म्हणाली, "तुझ्या दातांचं आता पाण्यानं काही होणार नाही. त्यांच्यात बसलंय ते बसलंय. पण ज्यांचे दात अजून हिरड्यांच्या आत बनतायत, त्यांना दुसरं पाणी दिलं, तर ते पांढरे येतील. सात-आठ वर्षांपर्यंतच्या लेकरांचं बघा."

हे ती मला सांगत होती, पण ऐकत होती माझी वहिनी. दारात उभी, कडेवर चार महिन्यांची मुलगी. वहिनी पैनगंगेकाठच्या गावची, नदीच्या पाण्यावर वाढलेली. तिचे दात दाण्यासारखे पांढरे होते. लग्न होऊन आली तेव्हा वस्तीतल्या बाया तिच्या तोंडाकडंच बघत बसत. पोरगी झाली तेव्हा सगळे म्हणाले, आईवर गेली. कशात आईवर जाणार आणि कशात गावावर, हे वहिनीनं बहुधा तेव्हाच मनात मोजलं होतं.

"दुसरं पानी म्हंजे कोनचं?" तिनं विचारलं.

उघडी विहीर एकच होती, वस्तीपासून लांब, एका कापूसवाल्याच्या वावरात. आमच्या आजोबांच्या पिढीला तिच्या काठावर चढू देत नसत. आता तसं कोणी म्हणत नसे. पण पंप आल्यापासून कोणी जाऊन विचारलंही नव्हतं. सर त्या रविवारी दुसऱ्या बाटलीत त्या विहिरीचंही पाणी घेऊन गेले होते. त्यात फ्लोराइड नावापुरतं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गुंड, पाण्याची मोठी घागर, घेऊन निघाली. मी सोबत गेले. विहिरीवर मालकीणबाई मोटर चालू करत होती. सगळे तिला काकी म्हणत.

"काकी, एक गुंड पानी पाह्यजे. लेकरासाठी," वहिनी म्हणाली.

"तुमाले तर सरकारनं पंप देल्ला ना? मंग इतक्या दूर कायले आली?"

मी फ्लोराइड, कॅल्शियम, दात असं सुरू केलं. वहिनीनं माझा हात दाबला. तिनं पोरीला वर उचललं, तिच्या बोळक्या तोंडात बोट घालून हिरड्या दाखवल्या आणि म्हणाली, "इथं दात येनार हाय. ते माह्यासारखे येवू द्या."

काकीनं बराच वेळ बघितलं. "ने," ती म्हणाली. "पन उकळून घे. घान हाय ते, बेडकं असते. आन् मे महिन्यात मांगू नको, तवा कापसाच्या लागवडीले पानी लागते."

वहिनीनं रोज एक गुंड आणला. सहा वर्षं. उकळून, गाळून, त्यात टीसीएलच्या पाण्याचा थेंब टाकून. क्लोरीनचं जे खरं काम, ते त्याला आमच्या घरात असं मिळालं. मे महिन्यात ती माहेरी जाई, पोरीला घेऊन, आणि दादा कुरकुर करी. वस्तीतल्या बाया हसत, अर्थात पदर घेऊन. "इच्या पोरीचं पानी अलग! राजाची पोरगी हाय." मायसुद्धा म्हणे, आम्ही काय मेलो का हे पाणी पिऊन. वहिनी कोणाशी वाद घालत नसे. त्या एका गुंडातलं पाणी दुसऱ्या कोणी प्यायलं तर मात्र ती जेवण वाढायची नाही. बाबांनी एकदा चुकून प्यायलं, तेव्हा त्यांना रात्री भाकर स्वतः घ्यावी लागली.

तोवर मी बी.एस्सी. होऊन एका शाळेत लागले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा पोरीचे दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात वर आले होते. वहिनी तिला अंगणात उन्हात घेऊन उभी होती आणि ओठ वर करून बघत होती. मला बोलावलं. "तू शिकलेली हायेस, तू पाह्य."

मी पाहिलं. डावीकडून, उजवीकडून. दात पांढरे होते. खडूसारखे नाहीत, दातांसारखे. मी म्हणाले, "चांगले हाय," आणि वहिनीनं पुन्हा दोन्ही हातांनी पोरीचा ओठ वर केला. पोरगी घाबरली, तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलं.

माय बाहेर आली. तिनंही ओठ वर करून पाहिला. मग शेजारणीला बोलावून आणलं. शेजारणीनं दुसरीला. संध्याकाळपर्यंत पोरीचा ओठ दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी वहिनीच्या मागं पाच बाया गुंड घेऊन निघाल्या. ज्या सहा वर्षं हसल्या होत्या, त्याच. मीही गेले, कारण मला वाटलं भांडण होणार. काकीनं मोटर बंद केली.

"हे काय? आख्खं गावच आनलं?"

वहिनीनं पोरीला पुढं केलं. काकीनं तिचे दात पाहिले. मग स्वतःच्या नातीला हाक मारली. ती आठ-नऊ वर्षांची पोर वावराच्या धुऱ्यावरून पळत आली आणि आम्हाला बघून तिनं लगेच तोंडावर हात घेतला.

"आमच्याबी घरी गावातल्या बोरचंच पानी हाय," काकी म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. "इतके वर्सं या इहिरीचं पानी कापसाले पाजलं, आन् लेकराईले बोरचं."

तिनं पदर खोचला, एका बाईच्या हातातला गुंड घेतला आणि मोटर पुन्हा चालू करायला खाली वाकली.